हार्लेमचं फ्रान्स हाल्स संग्रहालय: दोन तास हाताशी ठेवा

अ‍ॅमस्टरडॅमहून हार्लेम रेल्वेने वीसेक मिनिटांवर. संग्रहालयाची इमारत म्हणजे 1609 मधला निराधार वृद्धांचा आश्रम. सतराव्या शतकातला डच चित्रकार फ्रान्स हाल्स इथेच राहिला, ही दंतकथा. त्याने इथल्या कारभाऱ्यांची आणि कारभारणींची चित्रं मात्र 1664 मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर रंगवली. त्याच वर्षी नगरपालिकेने त्याला 200 गिल्डर (तेव्हाचं डच नाणं) वार्षिक मदत मंजूर केली.

गर्दी असली तरी आधी 1616 चं नगररक्षकांच्या मेजवानीचं चित्र बघा, मग कारभारणी. उलट क्रमाने गेलात तर हाल्सचा हात किती मोकळा होत गेला ते कळत नाही. चार पावलांवरून कफ लेसचाच वाटतो. पुढे सरका, तर ओल्या रंगावर ओढलेले पांढरे-करडे फटकारे, कडा न पुसलेले. वॉर्निश चकाकत असेल तर थोडं तिरकं उभं राहा. काळे कपडे घाईत बघू नका. त्या काळ्यात निळसर, तपकिरी, करडा असं बरंच काही आहे.

हाल्सचा प्रसिद्ध ‘लाफिंग कॅव्हॅलियर’ इथे शोधू नका, तो लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये. ‘मीगर कंपनी’ हे नगररक्षकांचं चित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये. चित्रातल्या माणसामागे 66 गिल्डर कबूल होऊनही हाल्स त्यासाठी पुन्हा अ‍ॅमस्टरडॅमला जाईना, शेवटी पीटर कोडे या चित्रकाराने ते पुरं केलं. नगररक्षकांची पाच मोठी चित्रं मात्र इथलीच, आणि तिकिटाचे पैसे तेवढ्यावरच वसूल. निघताना ग्रोटे केर्क या चर्चमध्ये डोकवा. हाल्स तिथेच पुरलेला आहे.