व्हॉल्व्हचं कुलूप : एक अख्खा हंगाम वापरल्यावर

व्हॉल्व्हच्या चाकाचं माप घ्या, पाइपाचं घेऊ नका. दसऱ्याला बॉयलर पेटायच्या आधी कुणी मला एवढं सांगितलं असतं, तर माझे तीन आठवडे आणि खिशातले कुरिअरचे पैसे वाचले असते.

मी लातूरकडच्या एका साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. गेट व्हॉल्व्हच्या चाकावर बसणारी लाल प्लास्टिकची झाकणं मिळतात. ती चाकाभोवती मिटायची आणि कुलूप लावायचं, म्हणजे आत काम चालू असताना कुणी व्हॉल्व्ह उघडू शकत नाही. आमची लाइन ४ इंची, म्हणून मी ‘अडीच ते पाच इंच’ लिहिलेले ६ नग मागवले. झाकण चाकापुढं धरलं तर वाटीनं परात झाकायला निघाल्यासारखं! टेप लावला, चाक भरलं साडेनऊ इंच. ते माप चाकाच्या व्यासाचं असतं आणि डब्यावर तसं कुठंही लिहिलेलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, पाकीट फोडलं की माल परत नाही. रोज फोन करून, जायचं-यायचं कुरिअर पदरचं भरल्यावर ‘साडेसहा ते दहा’चा माल आला. हा राग अजून गेलेला नाही. माप चुकलं की झाकण कपाटात पडतं आणि पोरं पुन्हा बाइंडिंग वायर गुंडाळून सूचना लिहिलेला पुठ्ठा अडकवतात.

बसवतानाही अडलं. आमच्या व्हॉल्व्हचा स्पिंडल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, व्हॉल्व्ह बंद असतानाही चाकाच्या दोन बोटं वर राहतो. झाकणाच्या मधली चकती काढली तेव्हा कुठं ते मिटलं. शिवाय बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, धूळ कुलपाच्या भोकात बसते. तेल सोडलं तर तिचा चिखलच होतो. ग्रॅफाइटची पूड टाकली, त्यानंतर चावी अडली नाही.

डिसेंबरपर्यंत मी सगळ्यांना सांगत होतो, एवढ्या पैशात साधी साखळी-कुलूप बरं. जानेवारीत ते मत बदललं.

इव्हॅपोरेटरची एक बॉडी, म्हणजे वाफेवर रस आटवायचं एक भांडं, सफाईला काढली होती. आत दोन खलाशी (आमच्याकडं मदतनीस कामगारांना म्हणतात) ट्यूबांना ब्रश मारत होते. रात्री ८ ला पाळी बदलली. नव्या पाळीच्या ऑपरेटरला वाटलं, सफाई उरकली. तो सरळ व्हेपरच्या, म्हणजे वाफेच्या, व्हॉल्व्हवर गेला. मी खालून बघत होतो. त्याचे दोन्ही हात चाक धरायला गेले आणि गुळगुळीत झाकणावरून घसरले. मग त्यानं बॅटरी मारून कुलपाच्या टॅगवरचं माझं नाव वाचलं आणि ओरडला, “मामा, तुमचं कुलूप हाय इथं, आत कुणी हाय का?”

पुठ्ठा असता तर त्या अंधारात त्यानं तो वाचला असता का, हे मला सांगता येत नाही. तिथं साखळी असती तरी चाक हाताला लागलं असतं आणि ढिल्या साखळीत अर्धा फेरा फिरलंही असतं. झाकणात चाकच सापडत नाही.

त्यानंतर ऑफिसनं डुप्लिकेट चावी मागितली. मी दिली नाही. आत जाणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, एकच चावी, आणि ती त्याच्याच खिशात. त्यासाठी ६ भोकांचा हॅस्प घेतला, म्हणजे एकाच जागी सहा कुलपं लागतात. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढत नाही तोवर झाकण निघत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. सीट, म्हणजे आतली बंद व्हायची बैठक, झिजलेला व्हॉल्व्ह कुलूप लावूनही पास होतो, म्हणजे आतून गळतो. आम्ही ड्रेन उघडा ठेवतो, गेज शून्यावर आल्याशिवाय मॅनहोल खोलत नाही आणि वाफेच्या लाइनला ब्लाइंड प्लेट (लाइन बंद करणारी भरीव पत्री) टाकतो.

बॉल व्हॉल्व्हच्या दांड्याची कुलपं पहिल्या दिवसापासून बिनतक्रार चालली. मळीच्या टाकीवरच्या झाकणांनी मात्र निराशा केली. मार्चच्या उन्हात रंग उडाला आणि एकाची बिजागरी तडकली. आत सावलीतले चारही नग अजून नव्यासारखे आहेत.

सध्या ऑफ सिझन आहे. खडू आणि टेप घेऊन एकेक चाक मोजतोय, माप चाकावरच लिहितोय. ४१ झाली, साखर शिजवायचं पॅन स्टेशन बाकी आहे. टाकीवरच्या दोन्ही व्हॉल्व्हना यंदा स्टीलचं झाकण मागवणार. ऑर्डरमध्ये इंचांपुढं ‘चाकाचा व्यास’ असं लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडणार नाही.