शेवटचा भाव की बोलीचे भाव?
म्हापशाच्या बाजारात दुकान चालवणारे माझे मामा एनएसईची (राष्ट्रीय शेअर बाजाराची) ऑप्शन चेन, म्हणजे ऑप्शन करारांच्या भावांचा तक्ता, उघडली की डावीकडचे कॉल (ठरलेल्या भावाने खरेदीचा हक्क), उजवीकडचे पुट (तसाच विक्रीचा हक्क) आणि मधली स्ट्राइक प्राइस (तो ठरलेला भाव) पाहून थेट शेवटच्या भावावर बोट ठेवतात. तो भाव खरा असतो, पण होऊन गेलेल्या सौद्याचा. उलाढाल तुरळक असेल तर तो तासाभरापूर्वीचाही असू शकतो. समजा, तिथे ४२ रुपये दिसतात, पण खरेदीदाराची बोली ३० आणि विक्रेत्याची मागणी ३९ आहे. आत्ता लगेच विकल्यास हाती ३०च येतात, आणि लॉट (सौद्यातला किमान संच) ५०० शेअरचा असेल तर १२ रुपयांचा हा फरक ६,००० रुपयांवर जातो. म्हणून मी बोलीचे भावच आधी पाहतो. निफ्टी निर्देशांकाच्या चालू पातळीलगतच्या स्ट्राइकवर मात्र ही दरी सहसा इतकी लहान असते की शेवटचा भावही चालतो.