लाकडी इमारतीत पाचव्या मजल्यावर दहा महिने

"अगं, आग लागली तर?" नवा पत्ता सांगितल्यावर आईने फोनवर पहिल्यांदा हेच विचारलं. ऑफिसातही तेच. दहा महिने राहिल्यावर सांगते, आगीचा विचार क्वचितच मनात येतो. पाण्याचा मात्र रोज येतो.

घर पूर्व लंडनमध्ये, भाड्याचं. भिंती, छत, तळ सगळं सीएलटीचं, म्हणजे स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फळ्यांचे थर एक उभा, एक आडवा असे चिकटवून केलेल्या जाडजूड लाकडाचं. या भागाला त्याची सवय आहे. हॅकनीत मरे ग्रोव्हवरची नऊ मजली इमारत 2009 ची. तिचा लाकडी सांगाडा चार सुतारांनी 27 दिवसांत उभा केला. डाल्स्टन वर्क्स 10 मजली, 121 घरांची, 2017 ची. तिथे खाली रेल्वे बोगद्यांचा मार्ग, त्यामुळे भार कमी ठेवणं भाग होतं, आणि लाकूड काँक्रीटच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकं भरतं.

घरात शिरल्यावर लाकूड कुठेच दिसत नाही, सगळीकडे प्लास्टरबोर्ड, म्हणजे जिप्समचे तक्ते. फक्त मीटरच्या कपाटात, बोर्ड संपतो तिथे, पाच फिकट थर उघडे आहेत. कपाट उघडलं की अजूनही रंध्याखालच्या ताज्या भुश्यासारखा वास येतो. पाहुण्यांना मी आधी तेच दाखवते.

थंडीत हीटर फार लावावा लागला नाही. भिंतीला हात लावला तरी गारठा जाणवत नाही. जुलैत मात्र दुपारी घर पटकन तापलं.

आवाजाबद्दल खरं सांगायचं तर बोलणं, टीव्ही काही ऐकू येत नाही, पण वरच्या घरातलं पोर धावलं की धप्प धप्प थेट छातीत बसतं. आजोळी वाड्याच्या माडीवर कोणी चाललं की खाली माती गळायची, त्याची आठवण झाली. वरच्या बाईंशी बोलले, त्यांनी जाड गालिचा अंथरला. निम्मा त्रास गेला.

आता पाणी. मार्चमध्ये डिशवॉशरचा पाइप ठिबकत होता, माझ्या लक्षात आलं तेव्हा जमिनीची कड फुगली होती. काँक्रीटमध्ये डाग तरी दिसतो, इथे पाणी थरांत मुरून बसतं. व्यवस्थापन बघणाऱ्या कंपनीला त्याच दिवशी कळवलं, माणूस अकराव्या दिवशी आला. त्याने सुया टोचून ओल मोजली, 24 टक्के. लाकडात ओल 20 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला वाव मिळतो. दोन आठवडे ओल शोषणारं यंत्र घरघरत होतं, तेव्हा आकडा 15 वर आला. अकरा दिवस वाट पाहायला लावणं मला अजूनही माफ करता येत नाही.

आईलाही समजावलं ते असं: एवढं जाड लाकूड भडकन पेटत नाही. वरचा थर मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर कोळसा होत जातो आणि तोच कोळसा आतलं लाकूड सांभाळतो. ते जळणं धरूनच जाडी ठरवतात, वर प्लास्टरबोर्ड असतोच.

लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीच्या आगीत 2017 साली 72 माणसं गेली. तिथे आग पसरली ती बाहेरच्या आवरणामुळे, सांगाडा काँक्रीटचाच होता. त्यानंतर 2018 च्या अखेरीस इंग्लंडमध्ये 18 मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत ज्वलनशील साहित्यावर बंदी आली. नियमामागचं दुःख मला कळतं. पण उंच लाकडी घरांची वाटही त्यात अडली, आणि घनमीटरभर स्प्रूस हवेतला पाऊण टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं हे ज्यांना माहीत आहे त्यांच्या मनाला ते लागतं. माझ्याही. विकत घ्यायचा विचार असेल तर कर्ज देणाऱ्याला आणि विमावाल्याला आधी विचारा, दोघेही कचरतात.

पुढच्या वर्षाच्या करारावर मी सही केली आहे. घरमालकाला एकच अट घातली: डिशवॉशरखाली पाणी लागताच वाजणारा अलार्म. तो गेल्या रविवारी बसला.