विंडोज ११: फोंड्यातल्या डीटीपीच्या दुकानात पाच महिने वापरल्यावर

माझं फोंड्याला तिस्काजवळ छोटं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, चवथीला आरत्यांच्या पुस्तिका, आणि कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा जवळ आली की नाटकाच्या संहिता, असं सगळं काम. दोन कॉम्प्युटर आहेत, दोन्हीवर विंडोज १० होतं आणि मस्त चाललं होतं त्यामुळे २०२१ ला ११ आलं तरी मी चार वर्षं तिकडे बघितलंच नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा सपोर्ट संपला, म्हणजे मशीन बंद पडत नाही, चालतं तसंच चालतं, पण सिक्युरिटीचे अपडेट थांबतात, आणि माझ्याकडे दिवसभर दहा जणांचे पेन ड्राइव्ह लागतात, लोक आधार, पासबुक मेल करून प्रिंट काढतात, त्यांचे कागद असे उघड्यावर ठेवणं मला पटेना.

आधी एक गोष्ट सांगतो कारण ह्यात बऱ्याच जणांचे पैसे जातायत. मी एका दुकानात विचारलं तर त्यांनी मशीन न उघडताच सांगितलं की ह्याच्यावर ११ चालणार नाही, टीपीएम (११ ला लागणारी सुरक्षेची चिप) नाही, नवीनच घ्या. माझा प्रोसेसर आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, रॅम ८ जीबी. आणि ११ चालणाऱ्या इंटेलच्या प्रोसेसरची यादी आठव्या पिढीपासूनच सुरू होते, रॅम तर ४ जीबी पण चालते. मग मला शंका आली. घरी येऊन मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक (मशीनवर ११ चालेल का ते सांगणारं सॉफ्टवेअर) चालवलं, त्यातही टीपीएम सापडत नाही असंच आलं, पण टीपीएम नसणं वेगळं आणि बंद असणं वेगळं! बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) गेलो, तिथे पीटीटी नावाचा ऑप्शन होता, म्हणजे इंटेलचं टीपीएमच, तो डिसेबल होता, तो चालू केला, सेव्ह करून रीस्टार्ट, परत चेक केलं तर सगळं हिरवं. एएमडीचं मशीन असेल तर तिथे एफटीपीएम शोधा. नवीन कॉम्प्युटरचा खर्च त्या एका ऑप्शनने वाचला. दुसरं मशीन सहाव्या पिढीचं आहे, ते मात्र खरंच बसत नाही, त्याला नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे जादा अपडेट घेतलेत, तोवर स्कॅनिंगला वापरतोय.

मी नवीन एसएसडी घालून कोरं ११ टाकलं. लायसन्ससाठी पैसे लागले नाहीत, १० चं होतं तेच चाललं. इथे एक जपा, २४एच२ (११ ची २०२४ मधली आवृत्ती) पासून कोरं इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, तिची ४८ आकडी रिकव्हरी की अकाउंटमध्ये सेव्ह होते, ती कागदावर उतरवून ठेवा, अकाउंटचा पासवर्ड विसरलात आणि मशीनने की मागितली तर डेटा गेलाच समजा.

आता कामाचं. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट स्नॅप लेआउट. खिडकी मोठी करायच्या बटणावर माऊस नेला किंवा विंडोजची कळ आणि झेड दाबलं की चौकटींचे नमुने येतात, त्यातला निवडायचा. संहितेचं काम असं असतं की डाव्या बाजूला हस्तलिखिताचा स्कॅन, उजवीकडे वर्ड, आणि कोपऱ्यात लेखकाचे व्हॉट्सअॅपवर आलेले बदल. पूर्वी मी ह्या खिडक्या हाताने ओढून ओढून बसवायचो, आता दोन क्लिकमध्ये तिन्ही जागेवर, आणि मध्येच कोणी "बाब, हें फाल्यां जाय" (हे उद्या हवंय) म्हणत पत्रिका घेऊन आला तरी त्याचं काम करून टास्कबारवरून परत तो तिघांचा गट एकदम समोर येतो. १० मध्येही अर्धी अर्धी खिडकी व्हायची पण हे त्याच्या खूप पुढे आहे.

फाइल एक्सप्लोररला टॅब आलेत, कंट्रोल टी दाबा, ब्राउझरसारखं. सेव्हन-झेड (7z) आणि रार (RAR) अशा दाबून लहान केलेल्या फाइली वेगळं सॉफ्टवेअर न घालता उघडतात. नोटपॅडलाही टॅब आहेत, आणि सेव्ह न करता बंद केलं तरी परत उघडल्यावर मजकूर तिथेच असतो, रात्री दुकान बंद करायच्या घाईत माझं कितीदा गेलंय ते आठवून मला ह्याचं खूप कौतुक वाटलं. पेंटमध्ये फोटोमागचं बॅकग्राउंड एका बटणाने जातं, वधू-वरांचे फोटो कापायला मी आधी तेच वापरून बघतो, केसांच्या कडा जरा तपासाव्या लागतात.

मराठीचं सांगतो कारण ते कुठे नीट लिहिलेलं सापडत नाही. कोऱ्या ११ मध्ये देवनागरीसाठी निर्मला फॉन्ट असतो, मंगल नसतो! मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे सगळे वेगळ्या पॅकेजमध्ये आहेत. मला हे माहीत नव्हतं, एका गिऱ्हाइकाने मंगलमध्ये केलेली आरत्यांची पुस्तिका आणली, उघडली तर ओळी सगळ्या सरकलेल्या, कडवं एका पानावर आणि ध्रुवपद दुसऱ्या. मी तासभर मार्जिन बघत बसलो. उपाय सोपा आहे, सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स घ्या, किंवा भाषांमध्ये मराठी जोडा म्हणजे ते सोबत येतात. मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप केलं की मराठी उमटतं तो) पण तिथेच आहे, तो १० मध्ये २०१९ पासून होता पण अजून कितीतरी जणांना ठाऊक नाही, कोंकणी मजकूरही मी त्याच्यावरच टाइप करतो.

न आवडलेलं म्हणजे राइट क्लिकचा मेनू छोटा केलाय, जुना हवा तर शो मोर ऑप्शन्स, किंवा शिफ्ट धरून राइट क्लिक करा, हे एकदा हाताला बसलं की त्रास नाही. स्टार्ट मेनू मधोमध येतो तो टास्कबारच्या सेटिंगमधून डावीकडे नेला. वर्डपॅड २४एच२ पासून काढूनच टाकलंय, ज्यांच्याकडे ऑफिस नाही त्यांना ते लागायचं, हे मला अजिबात पटलं नाही.

१० वरून थेट अपग्रेड करणार असाल तर दहा दिवसांच्या आत परत १० वर जायची सोय असते. ते दहा दिवस कामाचे निवडा, सुट्टीतले नको, आणि चवथीच्या तोंडावर तर मुळीच नको. तेवढ्यात प्रत्येक प्रिंटरवर एक पान काढा, स्कॅनर लावून बघा, आणि पाच-सहा वर्षांपूर्वीच्या दोन-चार मराठी फाइली उघडून शेवटच्या पानापर्यंत नजर फिरवा.