बाटलीवर १५०० मिलिग्रॅम, आत ३४

काळपट काचेची ३० मिलीची बाटली, रबरी ड्रॉपर, लेबलवर चंद्रकोर आणि मोठ्या सोनेरी अक्षरांत ‘सीबीएन १५००’. सीबीएन म्हणजे कॅनाबिनॉल, भांगेच्या झाडाशी जोडलेलं आणि झोप आणतं म्हणून विकलं जाणारं द्रव्य. जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूरकडे मेडिकलच्या काउंटरवर बसणाऱ्या आम्हा फार्मासिस्टांना अशा बाटल्या आता लोक आणून दाखवतात. प्रश्न असतो, ‘हे घेऊ का?’ आणि बहुतेक वेळा पैसे आधीच गेलेले असतात. भुसावळच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचं प्रकरण इथे मांडतो, कारण त्यांच्याकडे बाटली, पैसे भरल्याची नोंद आणि विक्रेत्याने पाठवलेला लॅब रिपोर्ट असं तिन्ही होतं. त्यामुळे फसवणूक नेमकी कुठे बसवलेली असते ते आकड्यांत दाखवता येतं.

सुरुवात मोबाइलवरच्या जाहिरातीने झाली. फॉर्ममध्ये नाव, वय, ‘किती वर्षांपासून झोप नाही’ एवढं भरलं, की अर्ध्या तासात फोन. ‘अंकल, गोळी सोडायची ना? मग गोळीवर विश्वास कशाला ठेवता?’ मग व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्टर’. गळ्यात स्टेथोस्कोपचा फोटो, दोन मिनिटांचं बोलणं आणि लेटरहेडवर प्रिस्क्रिप्शन. त्या कागदावर नोंदणी क्रमांक नव्हता. महाराष्ट्रात आयुर्वेदाची प्रॅक्टिस करणाऱ्याची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. क्रमांक विचारला की खरा वैद्य तो लगेच सांगतो, हा म्हणाला, ‘नंतर पाठवतो’. दोन बाटल्यांचे ६,९९८ रुपये यूपीआयने गेले, तेही कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात.

आता बाटली. ‘सीबीएन १५००’च्या खाली, चष्मा लावूनही नीट दिसणार नाही अशा अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘विजया अर्क १५०० मि.ग्रॅ.’ म्हणजे १५०० हा आकडा सीबीएनचा नाही, भांगेच्या पानांच्या एकूण अर्काचा आहे. त्या अर्कात मेण असतं, हरितद्रव्य असतं, सीबीडी हे भांगेतलंच दुसरं द्रव्य असतं, नशा आणणारं टीएचसी असू शकतं, आणि सीबीएन असलंच तर चिमूटभर. डाळीचं वजन सांगून हिंगाचा भाव लावायचा, असा हा धंदा.

रिपोर्टवर कॅनाबिनॉलसमोर ०.१२ टक्के हा आकडा होता. हिशोब असा करायचा. १ टक्का म्हणजे दर ग्रॅममागे १० मिलिग्रॅम, म्हणून ०.१२ टक्के म्हणजे १.२ मिलिग्रॅम. ३० मिली तेलाचं वजन साधारण २८ ग्रॅम भरतं, कारण हे तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. २८ गुणिले १.२ म्हणजे अख्ख्या बाटलीत जवळपास ३४ मिलिग्रॅम सीबीएन. खरंच १५०० असतं तर रिपोर्टमध्ये ५ टक्क्यांच्या वरचा आकडा दिसला असता. लेबलवर डोस होता ‘रात्री १० थेंब’. अशा तेलाचे मिलीला सुमारे ३० थेंब धरले तर १० थेंब म्हणजे मिलीचा तिसरा हिस्सा, आणि त्यात सीबीएन अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. माणसांवरच्या अलीकडच्या मोठ्या चाचणीत रोज रात्री २० मिलिग्रॅम दिलं होतं. त्या मापाने अख्ख्या बाटलीत दोन रात्रींचाही डोस नाही. (म्हणून कोणी थेंब वाढवायला जाऊ नये. थेंबांबरोबर सीबीएन इवलंसं वाढतं, अर्कातलं टीएचसी आणि बाकीचं सगळं मात्र तेवढ्याच पटीने वाढतं.)

रिपोर्टमध्ये आणखी तीन गोष्टी चुकलेल्या होत्या, आणि त्या ओळखायला केमिस्ट्री लागत नाही. रिपोर्टवरचा बॅच नंबर बाटलीवरच्या बॅचशी जुळत नव्हता. तपासणीची तारीख बाटलीच्या उत्पादनाच्या आधीची होती. आणि वरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर प्रयोगशाळेच्या नव्हे, विक्रेत्याच्याच वेबसाइटवर ठेवलेली तीच पीडीएफ उघडत होती. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) चिन्ह आणि प्रमाणपत्र क्रमांक असतो. तो क्रमांक एनएबीएलच्या संकेतस्थळावर टाकला की ती लॅब कशाकशाच्या तपासणीसाठी मान्य आहे तेही दिसतं. पाणी तपासायची मान्यता असलेल्या लॅबचं चिन्ह कॅनाबिनॉइडच्या (भांगेतल्या सीबीएन, टीएचसीसारख्या द्रव्यांच्या) रिपोर्टवर चिकटवलं, तर ते चिन्ह तिथे बिनकामाचं. दुसरी एक चलाखीही ध्यानात ठेवावी. काही विक्रेते ‘९८ टक्के सीबीएन’चा झकास रिपोर्ट दाखवतात. नीट पाहिलं तर नमुन्याच्या रकान्यात ‘पांढरी पावडर’ असं लिहिलेलं सापडतं. तो कच्च्या मालाचा रिपोर्ट. त्या पावडरीतलं किती तुमच्या तेलात पडलं, किंवा पडलं तरी का, हे त्यावरून काहीच कळत नाही.

सीबीएनभोवती एवढी हवा का तयार झाली, हेही समजून घ्यायला हवं. भांगेचं झाड हे द्रव्य जवळपास बनवतच नाही. टीएचसीला हवा, उजेड आणि उष्णता लागून ते कालांतराने विघटित होतं, तेव्हा त्याचं सीबीएन होतं. या कुळातलं नाव मिळालेलं हे पहिलं द्रव्य. केंब्रिजच्या वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड या रसायनशास्त्रज्ञांनी १८९६ मध्ये चरसातून काढलेल्या लालसर तेलाला ते नाव दिलं, आणि १९४० मध्ये ते कृत्रिमरीत्या बनवताही आलं. जुना गांजा ओढला की जास्त सुस्ती येते, हा ओढणाऱ्यांचा समज. जुन्या मालात सीबीएन जास्त, म्हणून झोप आणणारं तेच, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला. पण १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाच पुरुषांना ५० मिलिग्रॅमपर्यंत सीबीएन दिलं, तेव्हा एकट्या सीबीएनने म्हणण्यासारखं काही झालं नाही. टीएचसीबरोबर दिल्यावर गुंगी वाढली. २०२१ मध्ये सगळा पुरावा एकत्र तपासणाऱ्या लेखानेही झोपेच्या दाव्याला पुरेसा आधार नाही असंच म्हटलं. त्यानंतर वर सांगितलेली २० मिलिग्रॅमची चाचणी आली. सात रात्रींत मध्ये जाग येणं काहीसं कमी झालं, पण झोप लागायला लागणारा वेळ कमी झाला नाही. २०२४ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांत झोप वाढल्याचं दाखवलं. म्हणजे विषय खोटा नाही, कच्चा आहे. बाटली विकणारा या कच्च्या विषयावर ‘शंभर टक्के गॅरंटी’ लावतो.

आता महत्त्वाचं. या बाटल्या दोन जातींच्या असतात, आणि बिनकामाची बाटली त्यातल्या त्यात बरी. तिच्यात बहुधा भांगेच्या बियांचं तेल असतं: हिरवट रंग, शेंगदाण्यासारखा वास, खायला चांगलं, पण कॅनाबिनॉइडच्या नावाने जवळजवळ शून्य. एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०२१ मध्ये बी, बियांचं तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केलं आहे, म्हणून असल्या बाटलीवर नुसता १४ आकडी अन्न परवाना असतो. अन्न परवान्यावर झोपेचं औषध विकता येत नाही. १४ आकड्यांशिवाय दुसरा कुठलाही परवाना नसेल तर पुढे वाचायचीही गरज नाही.

दुसरी जात ‘लागू पडणारी’. पोटातून घेतलेल्या कॅनाबिनॉइडला असर दाखवायला एक ते दोन तास लागतात. जे तेल १५-२० मिनिटांत माणसाला आडवं करतं, सकाळी जीभ जड ठेवतं आणि रात्री उठून काय केलं ते आठवू देत नाही, त्यात भांगेखेरीज काहीतरी घातलंय असं धरून चालावं. ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या झोपेच्या औषधांत न सांगता अल्प्राझोलाम, डायझेपामसारखी औषधं मिसळल्याची प्रकरणं जगभर सापडली आहेत. ही औषधं आपल्याकडे शेड्यूल एच-१ मध्ये येतात. मेडिकलवाल्याला चिठ्ठी पाहून, रजिस्टरमध्ये पेशंट आणि डॉक्टरचं नाव लिहूनच ती द्यावी लागतात. बाटलीतून किती जातंय हे कोणालाच ठाऊक नसतं. दोन-तीन आठवडे रोज घेऊन एकदम बंद केलं तर झोप पहिल्यापेक्षा जास्त उडते, घाम फुटतो, हात थरथरतात, क्वचित झटकेही येतात. घरचे म्हणतात, ‘बघा, औषध सोडल्याने त्रास झाला’, आणि पुन्हा ऑर्डर जाते. अशा वेळी परस्पर बंद करू नये आणि परस्पर चालूही ठेवू नये. बाटली घेऊन फिजिशियनकडे जावं. साठीच्या पुढे रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचं हाड मोडणं, घोरणाऱ्याचा श्वास झोपेत अडकणं, आणि वर दारूचा पेग असेल तर श्वासच मंदावणं, हे धोके खरे आहेत. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर भांगेचं कुठलंही तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि ज्यांच्या नोकरीत लघवीची तपासणी होऊ शकते त्यांनी लक्षात ठेवावं, अर्कातलं टीएचसी त्यात सापडतं आणि काही प्राथमिक किट सीबीएनमुळेही पॉझिटिव्ह दाखवतात.

मग कायदेशीर काहीच नाही का? आहे. भांगेच्या पानांपासूनची ‘विजया’ आयुर्वेदात आहे, पण ती ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स नियमांच्या शेड्यूल ई-१ मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत येते. त्यामुळे लेबलवर ‘आयुर्वेदिक औषध’, उत्पादन परवाना क्रमांक, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, बॅच, तारीख आणि ‘सावधान: वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना इंग्रजी आणि हिंदीत हवीच. भुसावळच्या बाटलीवर यातलं ‘आयुर्वेदिक’, बॅच आणि तारीख एवढंच होतं, पत्त्याच्या जागी ईमेल.

आठवडे बाजारात ‘सातपुड्याची जडीबुटी’ म्हणून साध्या बाटलीत मिळणाऱ्या काळ्या तेलाबद्दल थोडक्यात. शिरपूर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी पोलिसांनी गांजाची शेती उपटल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तो माल शिळा झाला, मे महिन्याच्या ४४-४५ अंशांत पत्र्याखाली पडून राहिला, म्हणून त्याचं औषध होत नाही. टीएचसी त्यात शिल्लक असतंच, वर बुरशी. एनडीपीएस या अंमली पदार्थांच्या कायद्यात फुलोऱ्याचा गांजा थोडा असला तरी गुन्हा आहे: किलोच्या आत असला तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या भीतीवरच फसवणुकीचा दुसरा डाव उभा राहतो. बाटली येऊन काही दिवस झाले, की व्हिडिओ कॉल येतो. समोर खाकी, मागे सरकारी बोधचिन्ह. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडलाय. कॉल बंद करू नका, घरात कोणाला सांगू नका.’ त्याच्याकडे ऑर्डर नंबर असतो, पत्ता असतो, ‘किती वर्षांपासून झोप नाही’ हेसुद्धा असतं. ती फॉर्मवरची माहिती पुढे विकलेली असते किंवा विकणाराच आता वर्दी घालून बसलेला असतो. खरंच पार्सल आलेलं असल्यामुळे माणूस हादरतो. पहिल्या डावात सात हजार जातात, दुसऱ्यात मुदतठेव मोडली जाते. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाचं काही नाही. कुठलाही पोलीस अधिकारी व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि ‘पडताळणीसाठी’ पैसे मागत नाही. कॉल कापायचा, घरातल्या माणसाला तिथल्या तिथे सांगायचं आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं.

पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढे फिरायच्या आत खातं गोठवता येण्याची शक्यता असते. हाताशी यूपीआयचा व्यवहार क्रमांक, वेळ आणि समोरचा आयडी हवा. मग तीच तक्रार सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर. मालाबद्दलची तक्रार वेगळी: ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि बाटलीबद्दल जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनात औषध निरीक्षकाकडे लेखी अर्ज. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. बाटली संपवू नका, धुऊ नका, उरलेलं तेल दुसऱ्या बाटलीत ओतू नका. बाहेरचा खोका आणि त्यावरचं कुरिअरचं लेबल फाडू नका, पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा तेवढ्याच कागदावर असतो. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं डिलीट होण्याआधी स्क्रीनशॉट काढा, त्या ‘डॉक्टर’चा नंबर दिसेल असा. आणि रिपोर्टमध्ये टीएचसीचा आकडा असेल, तर अर्ज देण्याआधी तो कागद एकदा वकिलाला दाखवा.