आईचे वाफेचे यंत्र: दोन वर्षांच्या वापरानंतर

आमच्या घरात त्याला सगळे ‘वाफेचे मशीन’ म्हणतात आणि गैरसमजाला सुरुवात तिथूनच होते. सर्दी झाल्यावर डोक्यावरून टॉवेल घेऊन घेतो ती वाफ वेगळी. हे यंत्र म्हणजे नेब्युलायझर, द्रव औषधाचा बारीक फवारा करून तो श्वासावाटे देणारे; त्यात काहीही उकळत नाही, उलट यंत्र चालू असताना औषधाचा कप हाताला गार लागतो. आईचा दमा जुना आहे. स्पेसर (इनहेलरला जोडायचे पोकळ नळकांडे) लावूनही इनहेलर दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळ तिला वयाच्या शहात्तराव्या वर्षी जमेनासा झाला, तेव्हा डॉक्टरांनी नेब्युलायझर घ्यायला सांगितले. त्यानंतरच्या दोन वर्षांत आम्ही दोन यंत्रे वापरली: एक नेहमीचे कॉम्प्रेसरचे आणि दुसरे हातात मावणारे, जाळीचे. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण माझे म्हणणे कंपनीपेक्षा रचनेबद्दल अधिक आहे.

कॉम्प्रेसरचे यंत्र घेताना दुकानदार मोटरची ताकद, आवाज आणि वॉरंटी यांबद्दल भरपूर बोलतो. प्रत्यक्षात तो डबा म्हणजे केवळ हवेचा पंप असतो आणि खरे काम त्या पारदर्शक प्लास्टिकच्या कपात चालते. नळीतून आलेली हवा सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून वेगाने बाहेर पडते, त्यामुळे तेथील दाब उतरतो, तळाचे औषध अरुंद फटीतून वर खेचले जाते आणि हवेच्या झोतात त्याचे थेंब होतात. हे थेंब समोरच्या लहानशा आडकाठीवर आपटतात. ढोबळ थेंब खाली पडून पुन्हा त्याच फेऱ्यात सापडतात आणि बारीक तेवढे पुढे जातात. फुप्फुसात खोलवर पोहोचायला थेंब साधारण 1 ते 5 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असावा लागतो. त्याहून मोठा थेंब तोंडात आणि घशात बसतो, तर फार बारीक थेंब पुष्कळदा उच्छ्वासाबरोबर बाहेर निघून जातो. म्हणून मास्कमधून दाट धूर निघतो आहे यावर समाधान मानणे चुकीचे आहे, कारण धूर पाहून थेंबाचा आकार कळत नाही.

याचा अनुभव आम्हाला सहा महिन्यांनी आला. मूळ कपाला चीर गेली आहे असे वाटून मी मेडिकलमधून दुसरा, दिसायला अगदी तसाच कप आणला. बुडेसोनाइड या दम्यावरच्या औषधाची 2 मिलिलिटरची कुपी पूर्वी पाच मिनिटांत संपत असे, तिला आता बारा-तेरा मिनिटे लागू लागली. मी आधी मोटरवर संशय घेतला, फिल्टर बदलला, नळी तपासली; शेवटी टाकून द्यायला काढलेला जुना कप लावून पाहिला आणि पाच मिनिटांत औषध संपत आल्याची खरखर सुरू झाली. चीर म्हणजे नुसता ओरखडा होता. दोन्ही कप शेजारी धरून पाहिले तेव्हा नव्या कपातली आतली टोपी नोझलवर नीट बसत नव्हती, बोटाने दाबली की डुगडुगत होती. औषध ज्या फटीतून वर चढते तिचा सारा हिशेबच त्यामुळे बिघडला होता.

मग मला चाळाच लागला. घरात दागिने तोलण्याचा छोटा डिजिटल काटा होता. त्यावर कप औषधाआधी आणि नंतर तोलला असता, खरखर सुरू झाल्यावरही जुन्या कपात सुमारे 0.8 ग्रॅम आणि नव्यात सुमारे 1.1 ग्रॅम औषध उरत असल्याचे दिसले. म्हणजे चांगल्या कपातही 2 मिलिलिटरपैकी दोन पंचमांश औषध भिंतींना चिकटून राहत होते. वस्तुस्थिती याहूनही थोडी वाईट असणार, कारण जे वजन घटते त्यात उडून गेलेले पाणीही असते आणि मागे उरलेले औषध त्या मानाने अधिक दाट होते. डॉक्टरांना हे दाखवल्यावर त्यांनी कुपीत 2 मिलिलिटर सलाइन मिसळायला सांगितले. मागे उरते तेवढेच, परंतु ते आता 4 मिलिलिटरमधले असल्याने वाया जाणारा हिस्सा जवळपास निम्म्यावर आला. वेळ मात्र बारा मिनिटांवर गेला, आणि आईची कुरकुर त्याच प्रमाणात वाढली.

माझी खरी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. त्यात मिनिटाला किती मिलिलिटर फवारा होतो हे छापले आहे, पण तो आकडा वजनातल्या घटीवरून काढलेला आहे. नेब्युलायझरसाठी आयएसओ 27427 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि अशा चाचण्यांत कृत्रिम श्वास घेणारा पंप कपाला जोडतात; मोठ्या माणसासाठी एका श्वासाला 500 मिलिलिटर हवा आणि मिनिटाला 15 श्वास धरून फिल्टरवर प्रत्यक्ष किती औषध जमा झाले ते मोजतात. रुग्णाच्या उपयोगाचा आकडा तो, आणि नेमका तोच पत्रकात नव्हता.

साध्या कपाची दुसरी उणीव अशी की रुग्ण श्वास सोडत असतानाही तो औषध उडवतच राहतो, त्यामुळे बराच भाग खोलीत जातो. झडपा असलेले कप, उदाहरणार्थ पारी कंपनीचा एलसी प्लस, श्वास आत घेताना अधिक फवारा देतात आणि सोडताना कमी. आम्ही तेवढ्या खोलात गेलो नाही. फक्त मास्क काढून तोंडात धरायची नळी घेतली. मास्क गालाला सैल बसला की औषध कडेने डोळ्यांकडे जाते, आणि आईला काचबिंदू असल्याने इप्राट्रोपियमच्या बाबतीत (श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध, पण डोळ्यात गेले तर तिथला दाब वाढवू शकणारे) हे डॉक्टरांनाही नको होते. ही नळी यंत्राबरोबरच आली होती, पण पहिले चार महिने ती पिशवीतून बाहेरही निघाली नव्हती.

दुसरे यंत्र जाळीचे. यात सूक्ष्म छिद्रांच्या पातळ पत्र्यामागे औषध राहते आणि कंपनामुळे त्याचे थेंब छिद्रांतून बाहेर पडतात. आवाज जवळजवळ नाही, बॅटरीवर चालते, लाइट गेली तरी अडत नाही, आणि काट्यावर तोलले तेव्हा औषध नाममात्रच उरले. मात्र याचा अर्थ त्याच कुपीतून आता अधिक औषध आत जाते, म्हणून यंत्र बदलल्याचे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. काही औषधे तर ठरावीक यंत्राबरोबरच मंजूर होतात. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांवर परिणाम करणाऱ्या आनुवंशिक आजारासाठीच्या अॅझट्रिओनाम या प्रतिजैविकाला 2010 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती अल्टेरा या जाळीच्या नेब्युलायझरसह.

जाळीची नाजूक बाजू म्हणजे स्वच्छता. बुडेसोनाइड पाण्यात विरघळलेले नसते, त्याचे कण तरंगत असतात, आणि प्रत्येक वापरानंतर धुतले नाही तर छिद्रे बुजतात. बोट किंवा कापूस लावायचा नाही, ही सूचना आईच्या मदतनीस ताईंना मी तीनदा सांगितली. चौथ्या महिन्यात जाळी तरीही बदलावी लागली आणि तिच्या किमतीत कॉम्प्रेसरचे चार-पाच मूळ कप सहज आले असते.

सध्या घरी रोजच्या वापराला कॉम्प्रेसरच आहे, पण कप कंपनीचा मूळचाच, आणि दर महिन्याला पाच मिनिटे घड्याळ लावून तपासलेला. त्यासाठी कपात नुसते 2 मिलिलिटर सलाइन घालतो; खरखर वेळेवर सुरू झाली की कप ठीक आहे असे धरतो. जाळीचे यंत्र आईच्या पिशवीत असते. मागच्या दिवाळीला मामांकडे साताऱ्याला जाताना तिने ते एसटीच्या थांब्यावर बाकावर बसून वापरले, आणि शेजारच्या आजोबांनी तो मोबाइल आहे असे समजून तिला नंबर विचारला.