नऊ महिने, बारा हजार किलोमीटर: घरी बदललेल्या बॉल जॉइंटचा अनुभव

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी आमच्या २०१२ च्या वॅगनआरचे पुढच्या चाकांचे दोन्ही बॉल जॉइंट (वाटीत गोळा फिरतो तसा चाकाजवळचा सांधा) घरच्या अंगणात बदलले. डाव्या बाजूला अख्खा लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा, बॉल जॉइंट त्याच्याच टोकाला असतो) नवा घातला. उजव्या बाजूला आर्म जुनाच ठेवला आणि त्यात फक्त बॉल जॉइंट नवा बसवला. असं काही ठरवलेलं नव्हतं, लातूरच्या दुकानात त्या दिवशी एकाच बाजूचा आर्म शिल्लक होता. पण त्यामुळे एकाच गाडीखाली, एकाच रस्त्यावर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालल्या. आता दिवाळी तोंडावर आलीय, १२,००० किलोमीटर झालेत आणि मधे एक पूर्ण पावसाळा गेलाय. त्यामुळे फरक सांगता येतो.

गाडी अंबाजोगाईत असते. आठवड्यातून दोनदा लातूर, शिवाय केजच्या बाजूला शेतात चकरा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, म्हणून वरचं डांबर चांगलं असलं तरी रस्त्याला लाटा येतात. शेताच्या वाटेवर तर चिखल आर्मला थापला जातो आणि वाळला की विटेसारखा होतो. बॉल जॉइंटवरचं रबर कुठे जरा जरी फाटलं, तरी ही माती आत जाऊन ग्रीसमध्ये कालवली जाते आणि पॉलिश पेपरचं काम करते. गाडी ९०,००० किलोमीटर चालली होती. जॉइंट झिजले याचं मला नवल वाटलं नाही.

राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. दसऱ्याच्या सुमारास गतिरोधकावर डावीकडून कट-कट आवाज यायला लागला. एका गॅरेजात गाडी दाखवली. त्यांनी अर्ध्या तासात चारशे रुपये घेऊन आवाज बंद करून दिला. नंतर कळलं, जॉइंटच्या वाटीची कड हातोड्यानं ठोकून आत दाबली होती. वाटी आवळली की गोळा घट्ट धरला जातो आणि आवाज थांबतो. पण झीज तशीच राहते, उलट आतलं अस्तर चेमटतं. तीन आठवड्यांनी आवाज परत आला. बॉल जॉइंट म्हणजे चाकाची खालची बाजू आर्मला धरून ठेवणारा एकमेव दुवा. गोळा वाटीतून निसटला तर चाक खालून बाहेर फेकलं जातं आणि स्टिअरिंगला काही अर्थ उरत नाही. त्या तीन आठवड्यांत मी आईला तपासणीसाठी दोनदा लातूरला नेऊन आणलं होतं. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

शेजारी एसटी डेपोतून निवृत्त झालेले मामा राहतात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आवाज बंद झाला म्हंजे गाडी दुरुस्त झाली, असं कामून समजायलास? चाक उचल आन् हातानं बघ."

मग बघितलं. चाक जॅकवर उचलायचं, वर आणि खाली हात धरून आत-बाहेर हलवायचं. खेळ, म्हणजे सैलपणा, जाणवला तर तो बेअरिंगचा की बॉल जॉइंटचा हे ओळखायला दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, तरीही राहिला तर बॉल जॉइंट. पुतण्या आत बसला, "काका, दाबलाय" म्हणाला, आणि चाक तसंच हललं. टॉमी (लोखंडी पहार) आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) यांच्यामध्ये घालून उचलली तर सांधा डोळ्यांना दिसेल इतका उघडत होता. हात डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवल्यावर खेळ लागला तर तो बहुतेक टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्याचा) असतो. आमचा तिथे ठीक होता. उजवीकडे खेळ कमी होता, पण रबर चिरलेलं होतं. म्हणून दोन्ही बदलायचं ठरवलं.

कामाची जागा शहाबादी फरशीची. फरशीवर थेट जॅक लावला तर ती तडकते, म्हणून खाली सागाची जाड फळी घेतली. गाडी दोन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी केली. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, याबाबतीत मामा एक शब्द ऐकून घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

या गाडीत बॉल जॉइंटची पिन, म्हणजे गोळ्यातून निघणारा दांडा, नकलच्या एका बाजूनं चीर असलेल्या भोकात बसते आणि एक आडवा बोल्ट ते भोक आवळतो. पहिल्यांदा करणारे इथेच अडकतात. बोल्ट नुसता ढिला करून भागत नाही, कारण तो पिनीवरच्या खाचेतून गेलेला असतो. तो पूर्ण काढल्याशिवाय पिन कितीही ठोकली तरी उतरणार नाही. आमचा बोल्ट गंजून धरला होता. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, सकाळी पुन्हा मारलं, मग लांब दांड्याचा पाना लावला. तरी डाव्या बाजूला पाऊण तास गेला. बोल्ट निघाल्यावर चिरेत चपटी छन्नी हलक्या हातानं घातली, भोक केसभर उघडलं आणि आर्म टॉमीनं खाली दाबल्याबरोबर पिन सुटली. नकल बाहेर जास्त ओढू द्यायचं नाही, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याच्या) सांध्यावर ताण येतो. मी ते दोरीनं बांधून ठेवलं होतं.

बसवताना पिन पूर्ण वर गेली का, हे बोल्टच सांगतो. खाच समोर आली असेल तर तो हातानं सरकतो. ठोकावा लागला तर थांबायचं आणि पिन परत जुळवायची.

यापुढची गोष्ट मी अनेकांना चुकताना पाहिलीय. आर्मच्या आतल्या टोकाला असलेल्या बुशचे (रबराच्या नळकांड्यांचे) बोल्ट चाक लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. बुशचं रबर ज्या स्थितीत आवळलं जातं तीच त्याची विश्रांतीची स्थिती होते. चाक लटकत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आम्ही दोन्ही चाकं विटांनी उंच केलेल्या फळ्यांवर उतरवली, गाडीचं वजन पूर्ण आलं, मग टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते दाखवणाऱ्या) मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे बोल्ट आवळले. प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवली, म्हणजे तो ढिला झाला तर कळेल. नंतर लातूरला जाऊन अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवून घेतले. जुने टायर आतल्या कडेनं घासले होते, ते का हे तिथल्या मशीनवर स्पष्ट दिसलं.

आता निकाल. पहिल्या दिवसापासून स्टिअरिंग शांत झालं. आधी लाटांच्या रस्त्यावर गाडी सारखी सावरावी लागायची, ते संपलं. पहिले पाच महिने दोन्ही बाजूंत काहीच फरक नव्हता आणि मी सुटा जॉइंट घेऊन पैसे वाचवले या समाधानात होतो.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. जुलैअखेर चाकं काढून बघितलं तर उजव्या जॉइंटच्या रबराखाली ग्रीसचा ओला डाग होता. नीट पुसून पाहिलं, नखाएवढी चीर. ती बहुतेक माझ्याच हातून पडली असावी, कारण त्या बाजूला आर्म खाली दाबताना टॉमी नव्या रबराला घासली होती आणि मी ते तेव्हा किरकोळ समजलो. दुसरी गोष्ट, जुन्या आर्ममधली बुशही ९०,००० किलोमीटर चाललेली होती. तिला कडेनं भेगा गेल्या होत्या, आणि ब्रेक मारताना गाडी किंचित उजवीकडे ओढत होती. सप्टेंबरमध्ये उजवीकडेही अख्खा आर्म घातला आणि अलाइनमेंट पुन्हा करावं लागलं.

सुटा जॉइंट ५५० रुपये, लेथवाल्यानं जुना काढून नवा प्रेसनं (दाब देणाऱ्या यंत्रानं) बसवायचे २५०. अख्खा आर्म १,४५० रुपये, त्यात नवा जॉइंट आणि नव्या बुश. वाचले ६५० आणि नंतर गेले त्याहून बरेच जास्त, शिवाय माझा एक रविवार. ज्यांच्या आर्मच्या बुश अजून चांगल्या आहेत त्यांना सुटा जॉइंट चालेल. मात्र प्रेस नसेल तर हातोड्यानं बसवून घेऊ नका, वाटी वाकते. गाडी जुनी असेल तर मी स्वतः आता सुटा जॉइंट घेणार नाही.

डाव्या बाजूची देखभाल फार नाही. हा जॉइंट बंद असतो, ग्रीस भरायला निपल नसतो, म्हणून जे काही आहे ते रबर जपणं. शेतातून आलो की त्याच संध्याकाळी, चिखल ओला असतानाच साध्या पाइपानं धुतो. सर्व्हिसिंगला प्रेशरचा पाण्याचा झोत थेट रबरावर मारू देत नाही. वाळलेला चिखल कधी स्क्रू ड्रायव्हरनं खरवडत नाही.

परवा पुन्हा दोन्ही चाकं उचलली, पुतण्याला ब्रेकवर बसवलं. डावीकडे शून्य खेळ, रबर कोरडं, बोल्टवरची पांढरी रेघ नऊ महिन्यांपूर्वी होती तिथेच. उजवीकडची रेघ अजून नवी आहे. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतील आणि खड्डे वाढतील, तेव्हा डिसेंबरात परत बघणार आहे.